सेन्सरवरची धूळ आणि आपल्या कारागिरांचा धंदा

फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या आपल्या बांधवांकडून एक तक्रार वारंवार कानावर येते. लग्नाचा अल्बम तयार होतो, गिऱ्हाईक तो पाहावयास येते आणि मोकळ्या आभाळावर किंवा शामियान्याच्या पांढऱ्या कापडावर बोट ठेवून विचारते, "हा काळा ठिपका कसला?" एका फोटोवर असता तर निभावले असते. पण तोच ठिपका त्याच जागी पुढच्या पानावर असतो आणि त्याच्या पुढच्याही. राहिलेले पैसे देताना मग हात आखडता घेतला जातो. फोटोग्राफर म्हणतो, कॅमेरा खराब झाला. वास्तविक कॅमेरा खराब झालेला नसतो. त्याच्या सेन्सरवर धूळ बसलेली असते आणि ती नीट काढून देणारा माणूस गावात नसतो.

हा माणूस आपल्या गावात का नाही आणि तो का असला पाहिजे, एवढेच आम्हाला या लेखात सांगावयाचे आहे.

फिल्मच्या जमान्यात हा प्रश्न फारसा नव्हता. प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे येत असे. एखादा कण बसलाच तर तो त्या तुकड्याबरोबर पुढे सरकून जाई. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर एकच. पहिला फोटो त्यावर आणि पन्नास हजारावा फोटोही त्यावरच. म्हणून आज बसलेला कण काढला नाही तर तो उद्याच्या, परवाच्या आणि पुढच्या हंगामाच्या फोटोतही हजर राहतो.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण ज्याला सेन्सर साफ करणे म्हणतो त्यात हात खुद्द सेन्सरला लागतच नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरची पातळ काच बसविलेली असते. धूळ त्या काचेवर बसते आणि साफ करावयाची तीही काचच. काच सेन्सरपासून किंचित दूर असल्यामुळे कणाची सावली सेन्सरवर पडते. लेन्सचे ॲपर्चर मोठे असेल, म्हणजे एफ २.८ किंवा ४ वर काम चालले असेल, तर प्रकाश चहूबाजूंनी येऊन ती सावली पुसून टाकतो. ॲपर्चर लहान करीत ११, १६, २२ पर्यंत नेले की प्रकाशाची धार बारीक होते आणि सावली काळी, ठसठशीत उमटते. हॉलमधल्या फोटोत दिसत नाही आणि बाहेरच्या ग्रुप फोटोत दिसते, याचे कोडे एवढेच आहे. भर दुपारी बाहेर फ्लॅश लावून फोटो काढावयाचा तर बहुतेक कॅमेऱ्यांत शटर एक-दोनशेअंशच्या आसपासच ठेवावे लागते. मग ॲपर्चर ११ किंवा १६ वर नेल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे ज्या फोटोसाठी सारे खानदान एका जागी उभे केले, ठिपके नेमके त्यातच येतात.

हा केवळ लग्नाच्या फोटोग्राफरचा प्रश्न आहे असेही कोणी समजू नये. आज चामड्याच्या बॅगा करणारे, चांदीचे दागिने घडविणारे, जरीकाम करणारे आपले अनेक कारागीर स्वतःच्या मालाचे फोटो स्वतः काढून बाहेरगावच्या व्यापाऱ्याला पाठवितात. जुना कॅमेरा घ्यायचा, पांढरा कागद अंथरायचा, दोन दिवे लावायचे आणि माल पुढूनमागून स्पष्ट यावा म्हणून ॲपर्चर १६ वर न्यायचे. रीत बरोबर आहे. पण पांढरा कागद आणि लहान ॲपर्चर ही धूळ उघडी पाडण्याचीच रीत आहे. अंगठीचा खडा जवळून टिपताना तर प्रकार आणखी वाढतो. वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ मापाची उमटू लागली की १६ वर ठेवलेले ॲपर्चर प्रत्यक्षात ३२ सारखे वागते. समोरचा व्यापारी तो ठिपका पाहतो आणि चामड्याला डाग आहे किंवा खड्यात ऐब आहे असे समजतो. तो काही विचारावयास येत नाही. माल दुसरीकडून घेतो.

यावर "कॉम्प्युटरवर पुसून टाकू" हे उत्तर ठरलेले आहे. आम्हाला ते पटत नाही. हिशेब करून पाहा. एका लग्नात लहान ॲपर्चरवर काढलेले तीनशे फोटो आहेत आणि प्रत्येकावर सहा ठिपके आहेत असे धरू. झाले अठराशे ठिपके. एकाला तीन सेकंद धरले तरी दीड तास गेला, तोही डोळे फोडून. एका फोटोवरची दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर एकदम उतरविण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे हे खरे, पण माणसे जागा बदलतात. आभाळावरची दुरुस्ती पुढच्या फोटोत नवरदेवाच्या गालावर जाऊन बसते आणि ठिपक्यापेक्षा वाईट दिसते. व्हिडिओत तर ठिपका पुसणे हे मोठेच लचांड. आणि हा दीड तास एका लग्नाचा झाला. दर लग्नामागे तो पुन्हा मोजावा लागतो, कारण धूळ जिथल्या तिथे असते.

"कंपनीकडे पाठवू" हे दुसरे उत्तर. कॅमेरा वॉरंटीत असेल तर हेच करावे, त्यात शहाणपण आहे. फिल्टरला ओरखडा पडला तर कंपनी हात वर करील, हे उघडच आहे. पण वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्याचे काय? मालेगावचा, परभणीचा किंवा चिपळूणचा फोटोग्राफर भर हंगामात कॅमेरा मोठ्या शहरात कुरिअरने पाठवून किती दिवस वाट पाहील? तेवढ्या दिवसांत दोन कामे हातची जातात. म्हणून तो पाठवीतच नाही आणि स्वतःच काही तरी करतो. ते काही तरी काय असते हे एकदा पाहिले पाहिजे. तोंडाने फुंकर मारतात, तिच्याबरोबर थुंकीचे बारीक तुषार काचेवर जातात आणि सुके काम ओले होऊन बसते. कान साफ करण्याच्या काडीने पुसतात, तिचा कापूस मागे राहतो. चष्म्याचे फडके बोटाला गुंडाळून फिरवितात. कॉम्प्युटर साफ करण्याचा हवेचा डबा मारतात, त्यातला वायू थंडगार द्रव होऊन काचेवर उडतो आणि त्याचा डाग पडतो. अशा कॅमेऱ्यांना बरे करणे हे मूळ धुळीपेक्षा कठीण काम असते.

आता आमचा मुद्दा. फिल्म कॅमेरा दुरुस्त करणारे उत्तम हात आपल्या समाजात होते आणि आजही आहेत. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार ही तर कॅमेऱ्याच्या मालाची जुनी पेठच. शटरचा वेग जुळविणे, लेन्सची बुरशी काढणे, फोकस बसविणे ही कामे उस्तादाच्या शेजारी बसून शिकलेली. फिल्म गेली तसे हे काम आटले. कोडॅकसारख्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तिथे गल्लीतल्या मेकॅनिकची काय कथा! डिजिटल कॅमेरा उघडला तर आत सर्किटच्या पट्ट्या. सुटा भाग सहजासहजी मिळत नाही. मिळाला तरी तो जुळविण्याचे यंत्र मिळत नाही. पुष्कळांनी दुकाने बंद केली, काहींनी मोबाइलचे काम धरले. परंतु सेन्सरची सफाई हे काम असे आहे की ज्याला महागडे यंत्र लागत नाही. स्थिर हात, स्वच्छ जागा आणि सबुरी लागते. जरीच्या सुईवर ज्यांचे हात बसले आहेत त्यांनाही हे काम अवघड नाही. एवढे असून आपला मेकॅनिक हे काम घेत नाही. घेतले तरी ओळखीखातर फुकटात, दोन फुंकरी मारून कॅमेरा परत देतो. ही गोष्ट आम्हाला चुकीची वाटते. हा हुन्नर आहे. तो शिकून, पाटी लावून, ठराविक दर घेऊन केला पाहिजे.

ज्यांना करावयाचे आहे त्यांच्यासाठी कामाची रीत थोडी तपशिलाने देतो.

सुरुवात फोटो काढून होते. लेन्स लावावी, ॲपर्चर १६ किंवा २२ वर न्यावे, आयएसओ १०० ठेवावे, ऑटो फोकस बंद करून फोकस मुद्दाम बिघडवावा आणि पांढऱ्या कागदाचा किंवा निरभ्र आभाळाचा फोटो घ्यावा. घेताना कॅमेरा किंचित हलवावा, म्हणजे कागदाची वीण पुसली जाते आणि सेन्सरवरचा ठिपका तेवढा स्थिर राहतो. फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. इथे नवशिके फसतात. लेन्स प्रतिमा उलटी पाडते. म्हणून फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारा ठिपका, कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले तर, खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. वर आणि खाल यांची अदलाबदल होते, डावे-उजवे तसेच राहते.

नंतर जागा. पंखा बंद करावा, हे पहिले. आपल्याकडे पंख्याखाली बसून काम करण्याची सवय आहे आणि पंखाच सर्वांत मोठा वैरी. फरशी ओल्या फडक्याने पुसून थोडा वेळ जाऊ द्यावा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात हवेत कापसाचा तंतू तरंगत असतो. तिथे तर दार-खिडकी लावूनच बसावे. लोकरीचा किंवा तंतू सोडणारा कपडा अंगात नसावा.

बॅटरी पूर्ण भरलेली पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यात सफाईसाठी आरसा वर अडकवून ठेवण्याची सोय मेनूमध्ये असते. तीच वापरावी. शटर उघडे ठेवण्यासाठी बल्बची युक्ती करू नये. बटणावरचे बोट सुटले किंवा मधेच बॅटरी संपली की आरसा खाली येतो, शटर बंद होते आणि आत हात असेल तर शटरचे पाते मोडते. धुळीपायी शटर घालविणे हा कुठला व्यवहार?

पहिला हात रबरी ब्लोअरचा. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे, ब्लोअर दोनदा बाहेर दाबून त्यातली धूळ आधी काढावी आणि मग काचेला नळी न लावता हवा मारावी. निघालेला कण खाली पडतो. पुन्हा फोटो घ्यावा. पुष्कळदा काम इथेच संपते, आणि संपले तर पुढे जाऊ नये. जे कण राहतात ते एक तर दमट हवेने चिकटलेले असतात किंवा ते शटरचे तेल असते. तेलाचा डाग गोल, कडेला गडद आणि मधे फिकट असा ओळखू येतो. त्याला हवा लागू पडत नाही.

मग ओली सफाई. मोठा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, लहान साधारण २४ गुणिले १६ चा. त्या मापाचे, म्हणजे २४ किंवा १६ मिलिमीटर रुंदीचे, बंद पाकिटातले स्वॅब मिळतात. त्यावर सेन्सरसाठीच असलेल्या द्रवाचे दोन, फार तर तीन थेंब टाकावे. स्वॅब निथळता कामा नये, कारण जादा द्रव काचेच्या कडेने आत उतरतो. एका टोकाला टेकवून हलक्या, एकसारख्या हाताने दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच न्यावा. उलटून दुसऱ्या बाजूने परत आणावा. झाले, तो स्वॅब कचऱ्यात. आमच्या काही उस्ताद मंडळींना इथे काटकसर सुचते. वापरलेला स्वॅब धुऊन, वाळवून पुन्हा वापरावा असे त्यांना वाटते. त्यात अडकलेला रेतीचा एक कण काचेवर रेघ ओढून जाईल आणि वाचलेल्या स्वॅबच्या कित्येक पट किंमत फिल्टर बदलण्यात जाईल. जुन्या टेबलावरचे पेट्रोल, थिनर आणि औषधाच्या दुकानातले स्पिरिट हेही इथे चालत नाही. त्यांत पाणी आणि इतर मिसळ असते, ती सुकली की पट्टे दिसतात. या कामाचे काही द्रव मिथेनॉलचे असतात. ते विषारी आणि पेट घेणारे असते, म्हणून मुलांपासून आणि विडी-सिगारेटपासून दूर ठेवावे.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा पडतो. कॅननच्या २०१८ च्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद करताच शटर पुढे येऊन झाकण होते, पण सर्वच कॅमेऱ्यांत ही सोय नाही. शिवाय यांपैकी अनेकांत हात थरथरला तर सावरून घेण्यासाठी सेन्सर अधांतरी बसविलेला असतो. त्यावर जोर दिला तर तो हलतो. तेव्हा हात आणखी हलका हवा.

कंपन्यांनी धूळ झाडण्याची यंत्रणा कॅमेऱ्यातच बसविली आहे, मग हे सारे कशाला, असे कोणी विचारील. ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये काच अतिवेगाने थरथरविण्याची सोय आणली. कॅननने २००६ मध्ये ४००डी मध्ये तशी सोय दिली. चांगली गोष्ट आहे, सुके कण त्याने झडतात. चिकटलेले आणि तेलाचे झडत नाहीत. निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ मध्ये आला आणि त्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची इतकी बोंब झाली की फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेली असली तरी फुकट सफाई आणि शटर बदलून देण्याचे जाहीर केले. झाडण्याची यंत्रणा त्या कॅमेऱ्यातही होतीच.

दराविषयी. रक्कम गावागावाप्रमाणे ठरेल, पण ती आधी सांगितलेली असावी आणि हवेच्या सफाईचा दर वेगळा, ओल्या सफाईचा वेगळा असावा. ब्लोअरने काम भागले तर ओल्या सफाईचे पैसे घेऊ नयेत. गिऱ्हाइकाचा कॅमेरा ही आपल्याकडे अमानत असते. तो आत घेतानाच गिऱ्हाइकासमोर पहिला फोटो काढावा आणि भिंगाने काच दाखवावी. आधीचा ओरखडा असेल तर तेव्हाच सांगून पावतीवर लिहावे. काम झाल्यावर दुसरा फोटो काढून दोन्ही त्याच्याच कार्डात ठेवून द्यावेत. यात पाच मिनिटे जास्त जातात. पण नंतर "तुम्हीच ओरखडा पाडलात" हा वाद उभा राहत नाही. आणि गिऱ्हाइकाने पैसे कशाचे दिले ते त्याला डोळ्यांनी दिसते. २२ वर एकही ठिपका नको असा हट्ट धरणारी गिऱ्हाइके भेटतील. त्यांना समजावावे. १६ वर स्वच्छ दिसले की धंद्यासाठी ते पुरेसे आहे. त्यापुढे दर वेळी काच घासणे म्हणजे जोखीम वाढविणे.

फोटोग्राफर बांधवांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. हळदीची पूड, अक्षता, गुलाल, भटारखान्याचा धूर अशा जागी लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, दुसरी लेन्स हाताशी तयार ठेवून बदलावी. लेन्सच्या मागच्या झाकणाकडे कोणी पाहत नाही. ते खिशात टाकले जाते, खिशातला कचरा त्यात भरतो, तिथून लेन्सच्या मागच्या बाजूला आणि मग कॅमेऱ्यात. आठवड्यातून एकदा ती झाकणे साबणाने धुवावीत आणि कोरडी करावीत. बॅग उलटी करून झटकावी. ज्याच्याकडे दोन बॉडी आहेत त्याने कार्यक्रमात दोन्हींवर दोन लेन्स लावून ठेवाव्यात आणि बदलण्याचा प्रश्नच मिटवावा.

जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करणाऱ्यांनी हीच परीक्षा विक्रीच्या टेबलावर ठेवावी. २२ वर पांढऱ्या कागदाचा फोटो काढून घेणाऱ्यासमोर ठेवावा. धूळ असेल तर ती सफाईनंतर जाते किंवा जागा सोडते. ओरखडा जागचा हलत नाही. ओरखडा असेल तर सांगून, तेवढी किंमत कमी करून विकावा. डी६०० विकावयाचा असेल तर शटर बदलून घेतले होते का, याचा कागद बरोबर द्यावा. घेणाऱ्यानेही फक्त किती क्लिक झाले एवढेच न विचारता हा फोटो मागितला पाहिजे.

ज्या मेकॅनिकला शिकावयाचे आहे त्याने पहिला स्वॅब गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यावर चालवू नये. भंगारात बंद पडलेले डिजिटल कॅमेरे मिळतात. सर्किट गेलेले असले तरी आतली काच तीच असते. आरसा आणि शटर काढून टाकून अशा दोन-तीन कॅमेऱ्यांवर बोटाचा डाग, तेल, पीठ मुद्दाम लावून भिंगाखाली रोज पुसून पाहावे. तिरप्या उजेडात पट्टा दिसेनासा झाला आणि सलग वीस-पंचवीस वेळा तसेच झाले की मग स्वतःच्या चालू कॅमेऱ्यावर हात घालावा. पाटी त्यानंतर.